पाण्याखाली बुडबुडा फोडणारी यांत्रिक नांगी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिस्तूल कोळंबी नांगी मिटून आणि मँटिस श्रिंप ठोसा मारून पाण्यात कॅव्हिटेशनचा, म्हणजे दाब एकदम उतरल्यानं होणाऱ्या वाफेचा, बुडबुडा तयार करते. त्यांच्यावर बेतलेली यंत्रं बनवू पाहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी, शिक्षकांसाठी आणि घरच्या वर्कशॉपमध्ये खटपट करणाऱ्यांसाठी हे पान आहे. भर नांगीवर आहे, कारण बहुतेक प्रश्न तिच्याबद्दलच येतात.

टिचकीचा आवाज नांगीचे दोन भाग एकमेकांवर आपटल्याचा असतो ना?

नाही, जरी बराच काळ तसाच समज होता. २००० साली व्हर्स्लुईस, श्मिट्झ, फॉन डर हाइट आणि लोहसे यांनी 'सायन्स' नियतकालिकात याचा निकाल लावला. त्यांनी अल्फियस हेटेरोकेलिस या कोळंबीचं सेकंदाला ४०,००० हून जास्त चौकटींनी चित्रण केलं आणि शेजारी हायड्रोफोन (पाण्याखालचा मायक्रोफोन) ठेवला. नांगी मिटते तेव्हा हायड्रोफोनवर दखल घेण्याजोगं काही दिसत नाही. मिटताना हलणाऱ्या बोटावरचा दट्ट्या समोरच्या खोबणीत शिरतो आणि पाण्याची सुमारे २५ मी./से. वेगाची धार सुटते, तिच्यामुळे बुडबुडा तयार होतो, फुगतो, आणि तो कोसळतो त्या क्षणी आवाजाचा काटा उसळतो.

यंत्र बनवणाऱ्यानं यातून एवढं घ्यावं की नांगी हे फक्त साधन आहे, माल बुडबुडा आहे. हुबेहूब कोळंबीसारखी दिसणारी, पण बुडबुडा न देणारी नांगी शोकेसमध्ये ठेवण्यापुरतीच.

मँटिस श्रिंपचं तंत्र वेगळं कसं?

ती धार सोडत नाही, थेट हातोडा मारते. मोरपंखी रंगाच्या ओडोन्टोडॅक्टिलस सिलारस या जातीचा ठोसा १४ ते २३ मी./से. वेगाचा असतो, हे पॅटेक, कॉर्फ आणि काल्डवेल यांनी २००४ मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं. पुढच्या वर्षी पॅटेक आणि काल्डवेल यांनी बल मोजलं, तेव्हा एका ठोशात दोन शिखरं सापडली. पहिलं हातोड्याच्या आघाताचं. दुसरं त्यानंतर ३९० ते ४८० मायक्रोसेकंदांनी, बुडबुडा कोसळल्याचं. दुसरं शिखर सरासरीनं पहिल्याच्या निम्मं असतं. म्हणजे शिंपल्याला एका ठोशात दोन तडाखे बसतात.

अशी यंत्रं आजवर कोणी बनवली आहेत?

हेस, ब्रुकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नांगीची ७० पट मोठी पारदर्शक प्रतिकृती बनवून धारेभोवती भोवऱ्याचं कडं कसं तयार होतं ते पाहिलं. ती प्रवाह पाहण्यासाठी होती, बुडबुड्यासाठी नव्हे. २०१४ मध्ये कॉक्स, पॅटेक आणि सहकाऱ्यांचा 'निंजाबॉट' आला. मँटिस श्रिंपच्या ठोशाच्याच वेगानं उपांग फिरवणारं हे यंत्र. २०१९ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या टँग आणि स्टॅक यांनी कोळंबीच्या टाकलेल्या कातीचं सूक्ष्म सीटी स्कॅन घेतलं, त्यावरून नांगी थ्रीडी प्रिंट केली, स्प्रिंगनं चालवली, आणि बुडबुडा, आघातलहरी व प्रकाश तिन्ही नोंदवले. २०२१ मध्ये हार्वर्डच्या गटानं १.५ ग्रॅम वजनाचा ठोसा मारणारा रोबोट केला. त्याचा हात हवेत २६ मी./से. पर्यंत जातो.

आपल्याला नमुना म्हणून घ्यायचं तर टँग आणि स्टॅक यांचं काम घ्यावं. खुबी नांगीच्या आकारात आहे आणि ताकद साध्या स्प्रिंगची आहे.

बुडबुडा यायला किती वेग लागतो?

धारेचा वेग वाढला की दाब उतरतो. तो पाण्याच्या बाष्पदाबापर्यंत, म्हणजे पाण्याची वाफ होऊ लागते त्या दाबापर्यंत, उतरला की पाणी जागच्या जागी फाटतं. याचा अंदाज कॅव्हिटेशन अंकावरून घेतात. आजूबाजूच्या दाबातून बाष्पदाब वजा करायचा आणि उत्तराला 'घनतेचा निम्मा भाग गुणिले वेगाचा वर्ग' याने भागायचं. समुद्रसपाटीला, २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात, उथळ टाकीसाठी आकडे असे:

१० मी./से. ला अंक २ च्या आसपास. काही होणार नाही असं धरा.
१४ मी./से. ला अंक १. उंबरठा.
२० मी./से. ला अंक ०.५. इथे बुडबुडा मिळायला हवा.
२५ मी./से. ला अंक ०.३२. कोळंबी इथे काम करते.

प्रत्यक्षात दाब सर्वांत कमी होतो तो धारेच्या पोटात नाही, तर तिच्याभोवतीच्या भोवऱ्याच्या गाभ्यात. २०१७ च्या संगणकीय अभ्यासातही कॅव्हिटेशन त्या कड्यातच दिसलं. म्हणून पहिला बुडबुडा गोल न दिसता वळं किंवा तुटका धागा दिसला तर बिचकू नका.

नांगी बनवावी की हातोडा?

हातोडा बनवायला सोपा. खोबण नाही, दट्ट्या नाही. फिरणारा हात आणि त्याच्यापुढे एक जाड पोलादी पट्टी, एवढंच. पण हातोड्याच्या टोकालाच २० मी./से. च्या आसपास जावं लागतं आणि पाण्यात ते महाग पडतं. नांगीत टोक १० मी./से. नं गेलं तरी चालतं, कारण उरलेला वेग अरुंद वाट वाढवून देते. शिवाय हातोड्यात आघात आणि बुडबुडा यांचे आवाज एकमेकांच्या मागोमाग येतात, ते वेगळे करताना नवखा गोंधळतो. पहिल्यांदाच करत असाल तर नांगी करा.

मापं काय धरावीत?

पूर्ण वाढलेल्या अल्फियस हेटेरोकेलिसची मोठी नांगी सुमारे २८ मि.मी. लांब असते. तिच्या पाचपट, म्हणजे १४० मि.मी. लांबीची प्रतिकृती हाताळायला सोयीची पडते. सुरुवातीसाठी ही मापं घ्या:

हलणारं बोट: बिजागरीपासून टोकापर्यंत ६० मि.मी., रुंदी १२ मि.मी., वजन १५ ग्रॅमच्या आत.
दट्ट्या: बोटावर, बिजागरीपासून ३५ मि.मी. अंतरावर, छेद ८ × ८ मि.मी., उंची ८ मि.मी.
खोबण: स्थिर भागात, दट्ट्याच्याच आकाराची.
बाहेर पडणारी वाट: ४ × ४ मि.मी., खोबणीतून नांगीच्या टोकाकडे उघडणारी.

दट्ट्याचा छेद ६४ चौ.मि.मी. आणि वाटेचा १६, म्हणजे चारास एक. बोटाचं टोक १० मी./से. नं जात असेल तर दट्ट्या ५.८ मी./से. नं जातो आणि धार सुमारे २३ मी./से. ची निघते. गळती शून्य असेल तर.

गळती शून्य नसते. दट्ट्याच्या चारही बाजूंना ०.२ मि.मी. फट राहिली तर ३२ मि.मी. परिघावर ६.४ चौ.मि.मी. ची चोरवाट तयार होते. फट ०.५ मि.मी. झाली की चोरवाट मुख्य वाटेएवढीच, १६ चौ.मि.मी. होते. फटीतलं घर्षण सोडून हिशेब केला तर धारेचा वेग असा पडतो: फट ०.१ असताना १९ मी./से., ०.२ ला साडेसोळा, ०.५ ला साडेअकरा. म्हणजे अर्धा मिलीमीटर ढिली नांगी उंबरठ्याच्या खालीच राहते. ०.१ ते ०.१५ च्या मध्ये थांबा. त्याहून घट्ट केलं तर दट्ट्या फुगून अडकतो, कारण रेझिन पाणी पितं.

प्रिंट कोणत्या मशिनवर करावी?

रेझिनच्या प्रिंटरवर. फिलामेंटच्या प्रिंटमध्ये थरांच्या खाचांत हवा अडकते. त्या हवेमुळे बुडबुडे लवकर येतात खरे, पण ते हवेचे असतात. मऊ कोसळतात, आवाज फुसका येतो. फिलामेंटशिवाय पर्यायच नसेल तर खोबण आणि दट्ट्यावर इपॉक्सीचा पातळ हात द्या, सुकल्यावर ६०० आणि मग १००० नंबरच्या पाणकागदानं घासा आणि फट पुन्हा मोजा. साधं ठिसूळ रेझिन दट्ट्याच्या मुळाशी चिरतं. 'टफ' म्हणून मिळणारं रेझिन घ्या आणि मुळाशी २ मि.मी. ची गोलाई ठेवा.

स्प्रिंग किती ताकदीची?

हा हिशेब डोक्यात बसला की बाकी सगळं सोपं जातं, म्हणून सविस्तर पाहू.

बोट १५ ग्रॅमचं आहे, पण पाण्यात ते आपल्याबरोबर पाणीही ढकलतं. त्याच्या आकारमानाएवढं, म्हणजे साधारण १२ ते १३ ग्रॅम पाणी जणू त्याला चिकटलेलं असतं. टोक १० मी./से. वर न्यायला या सगळ्या वजनाला साधारण ०.४६ जूल लागतात. धारेला आणखी ०.१३ जूल. हे झालं कामाचं.

आता पाण्याचा विरोध. १२ मि.मी. रुंदीचं बोट सपाट बाजूनं १० मी./से. नं फिरतं तेव्हा विरोधाचा पीळ सुमारे ०.६ न्यूटन-मीटर भरतो आणि तो वेगाच्या वर्गानं वाढतो. सरासरी १.२५ न्यूटन-मीटर देणारी स्प्रिंग लावली तर साडेचौदा मी./से. ला विरोध आणि स्प्रिंग बरोबरीत येतात, त्यापुढे वेग वाढत नाही. टोक २० मी./से. वर न्यायचा हट्ट धरलात तर चौपट विरोधाशी झुंजावं लागेल. त्यापेक्षा बोटाची धावणारी कड निमुळती करा.

म्हणून ९० अंशांच्या फेऱ्यात सुमारे २ जूल देणारी जोडणी पुरेशी आहे: मिटलेल्या अवस्थेत ०.५ आणि पूर्ण उघडल्यावर २ न्यूटन-मीटर. एकाच टॉर्शन स्प्रिंगवर सगळा भार टाकण्याऐवजी बिजागरीच्या दोन्ही बाजूंना एकेक लावा. स्टेनलेस स्टीलची २.५ मि.मी. तार, वेटोळ्याचा सरासरी व्यास २० मि.मी., सुमारे १२ वेढे. एका बाजूची डाव्या वळणाची, दुसऱ्या बाजूची उजव्या वळणाची मागवायला विसरू नका. दोन्ही एकाच वळणाच्या आल्या तर एक स्प्रिंग उलट्या दिशेनं उघडेल आणि लवकरच ढिली पडेल. पीळ बसताना वेटोळं आकसतं, म्हणून आतला दांडा १५ मि.मी. च्या वर नको.

खटका कसा असावा?

झटकन सुटणारा. खटका सरपटत सुटला तर बोट निम्मा प्रवास खटक्याला घासतच करतं आणि स्प्रिंगची ऊर्जा तिथेच मुरते. कोळंबीतही स्नायू आधी ताणला जातो, सांधा अडकलेला असतो, आणि तो सुटला की साठवलेली ऊर्जा एकदम बाहेर पडते. स्नायूच्या स्वतःच्या चालीनं हा वेग कधीच आला नसता.

सोपा पर्याय म्हणजे कडक पोलादाची अणकुचीदार जीभ आणि बोटावर पोलादाचाच छोटा खाचा. दोन्ही पॉलिश केलेले, एकमेकांत १ मि.मी. पेक्षा कमी अडकलेले. जीभ दोरीनं ओढायची, हातानं नाही. प्लास्टिकचा खाचा काही डावांतच (डाव म्हणजे नांगी एकदा चढवून सोडणं) गोल होतो आणि मग खटका आपोआप सुटू लागतो. ते धोक्याचं. विद्युतचुंबकाचा खटका दिसायला छान, पण करंट बंद केल्यावरही पकड लगेच जात नाही आणि दर वेळी सुटण्याचा क्षण थोडा हलतो. फोटोसाठी वेळ जुळवायची असेल तर तो त्रासदायक ठरतो. सर्वांत स्वच्छ सुटका नायलॉनचा दोरा तापलेल्या नायक्रोम तारेनं तोडून मिळते, फक्त दर वेळी नवा दोरा बांधावा लागतो.

एक डाव सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा घ्यायचा?

नांगी किमान ३ ते ४ किलोच्या पोलादी पाट्याला बोल्टनं आवळा. हातात धरलेली किंवा दोरीला टांगलेली नांगी स्वतःच मागे झटकते आणि वेग खाते. टाकीत पाणी भरून एक दिवस तसंच राहू द्या. नांगी बुडवण्याआधी खोबण आणि वाट आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं ओली करा, पाण्याखाली नेऊन खोबण वरच्या बाजूला करा आणि बारीक ब्रशनं आतली हवा काढा. मग नांगी अशी वळवा की धार जवळच्या भिंतीवर न जाता टाकीच्या लांबीच्या दिशेनं जाईल. वाटेचं तोंड पृष्ठभागापासून आणि तळापासून किमान १५ सें.मी. दूर हवं.

स्प्रिंग चढवताना २०० मि.मी. चा दांडा वापरा. २ न्यूटन-मीटरसाठी त्याच्या टोकाला सुमारे १० न्यूटन, म्हणजे एक किलोभर जोर लागतो. बोटाच्या टोकाला धरून चढवलं तर तोच जोर साडेतीन किलोच्या जवळ जातो आणि निसटलं की बोटं सापडतात. दांडा काढा, पाण्याच्या लाटा शांत होईपर्यंत अर्धा मिनिट थांबा, चष्मा आहे ना पाहा, दोरी ओढा.

नांगी जोरात मिटते, पण बुडबुडा येत नाही. काय तपासू?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. कारणं साधारण याच क्रमानं सापडतात.

खोबणीत हवा. बोट मिटल्यावर वाटेतून मोठमोठे बुडबुडे निघून वर तरंगत गेले तर ती अडकलेली हवाच. कॅव्हिटेशनचा बुडबुडा वर तरंगायला उरतच नाही. फार तर कोसळल्यावर बारीक बुडबुड्यांचा धुरकट ठिपका मागे राहतो. अडकलेली हवा दट्ट्याखाली गादीसारखं काम करते आणि धार कधीच वेग धरत नाही.

दट्ट्याची फट. फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) चारही बाजू मोजा, एकच मोजून थांबू नका. बिजागरीच्या पिनला खेळ असेल तर दट्ट्या तिरका शिरतो: एका बाजूला घासतो, दुसऱ्या बाजूला दुप्पट फट. घासल्याची चमक दट्ट्याच्या एकाच कडेला दिसली तर दोष पिनचा आहे, दट्ट्याचा नाही. पितळी बुश बसवा.

रोधक चुकीच्या जागी. बोट थांबवायला रबर लावलं असेल आणि दट्ट्या पूर्ण शिरण्याआधीच ते रबराला टेकत असेल, तर नेमक्या कामाच्या वेळी तुम्ही ब्रेक मारताय. रोधक दट्ट्याच्या पूर्ण खोलीनंतर टेकला पाहिजे. तो रबराचा नको, नायलॉनचा पातळ तुकडा पुरे.

वाट फार अरुंद. चारास एकच्या ऐवजी दहास एक केलं की धार दहापट होईल असं वाटतं. प्रत्यक्षात दाब इतका चढतो की दट्ट्या थांबतो आणि पाणी फटीतून निसटतं. चार ते पाचच्या पुढे जाऊ नका.

इतकं करूनही काही नाही तर मग स्प्रिंगकडे बघा. बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि मोडलेले दट्ट्ये गोळा करतात.

कोणतं पाणी वापरावं?

नळाचं शिळं पाणी सुरुवातीला चांगलं. त्यात सूक्ष्म हवेचे कण असतात आणि बुडबुडा कुठून तरी फुटायला ते मदत करतात. उकळून, झाकून, गार केलेल्या पाण्यात हवा कमी असते. त्यात बुडबुडा उशिरा सुरू होतो, पण आत हवेची गादी नसल्यानं कोसळतो मात्र कडक. आधी नळाच्या पाण्यात यंत्र जुळवा, मग उकळलेल्या पाण्यात मोजमाप घ्या.

तापमानाचा फरक पडतो. २० अंशाला बाष्पदाब २.३ किलोपास्कल, ३० अंशाला ४.२. बुडबुड्यात वाफ जास्त असली की कोसळणं मवाळ होतं. एप्रिल-मेमधली मापं आणि डिसेंबरातली मापं एकाच आलेखावर टाकू नका, किंवा बर्फाच्या पिशव्या टाकून पाणी २० अंशावर आणा. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचाही थोडा परिणाम होतो. पुण्याला हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास, तेव्हा तिथे बुडबुडा मुंबईपेक्षा किंचित कमी वेगाला येईल. उलट १० मीटर खोल पाण्यात दाब दुप्पट होतो आणि वेग दीडपटीच्या जवळ लागतो.

महागडा कॅमेरा नाही. बुडबुडा आला हे कसं ओळखायचं?

आवाजावरून, आणि खरं तर तोच भरवशाचा पुरावा आहे. लहान पिझो चकतीला (दाब पडला की व्होल्टेज देणाऱ्या) तारा जोडा, इपॉक्सीत पूर्ण बुडवून पाणीरोधक करा, वाटेच्या तोंडापासून ५ ते १० सें.मी. वर पण धारेच्या रेषेबाहेर ठेवा. बझरमधली २७ मि.मी. ची पिवळी चकती चालते, मात्र ती स्वतःच्या सुरात बराच वेळ किणकिणते. १० मि.मी. ची मिळाली तर उत्तम. चकतीला समांतर १ मेगाओहमचा रेझिस्टर आणि पाठीला पाठ लावलेले दोन ५.१ व्होल्टचे झेनर डायोड जोडा. बुडबुडा जवळ कोसळला तर चकती ऑसिलोस्कोपला सोसणार नाही इतका व्होल्टेज देऊ शकते. नोंद सेकंदाला किमान दहा लाख नमुन्यांनी घ्या.

दोन काटे दिसायला हवेत. पहिला बोट रोधकावर आदळल्याचा, दुसरा त्याहून अणकुचीदार. मधल्या वेळावरून बुडबुड्याच्या आकाराचा अंदाज येतो. लॉर्ड रॅले यांच्या १९१७ च्या सूत्रानुसार कोसळायला लागणारा वेळ म्हणजे ०.९१५ गुणिले सर्वांत मोठी त्रिज्या गुणिले 'घनता भागिले दाब' याचं वर्गमूळ. १ मि.मी. त्रिज्येला सुमारे ९२ मायक्रोसेकंद, साडेतीन मि.मी. ला ३२०, ५ मि.मी. ला ४६०. फुगायलाही साधारण तेवढाच वेळ धरा.

भिंतींचा प्रतिध्वनी मात्र फसवतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,४८० मीटर जातो. भिंत १५ सें.मी. वर असेल तर जाऊन येऊन २०० मायक्रोसेकंद, म्हणजे नेमका बुडबुड्याचाच काळ. यावर उपाय असा की नांगी आणि चकती यांच्यातलं अंतर तेच ठेवून दोन्हींची टाकीतली जागा बदलून पाहा. काट्याची वेळ जागेप्रमाणे हलली तर तो प्रतिध्वनी, नाही हलली तर बुडबुडा. दुसरी खूण म्हणजे खोबण मुद्दाम हवेनं भरून एक डाव घ्या. दुसरा काटा नाहीसा झाला पाहिजे.

मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये दिसेल का?

२४० चौकटींना दोन चौकटींत ४ मिलिसेकंदांहून जास्त अंतर असतं. बुडबुड्याचं सगळं आयुष्य त्या फटीत संपून जातं. ९६० ला एखादी पुसट चौकट नशिबानं मिळते. त्याऐवजी अंधार करा, साध्या कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवा आणि फ्लॅशनं चित्र गोठवा. कॅमेऱ्यावर लावायचा फ्लॅश सर्वांत कमी ताकदीवर ठेवला की त्याचा झोत साधारण सेकंदाच्या वीस ते चाळीस हजाराव्या भागाएवढा असतो. बोट रोधकाला टेकताच बंद होणारा संपर्क मायक्रोकंट्रोलरला द्या आणि तिथून ठरावीक उशिरानं फ्लॅश उडवा. दर डावाला उशीर ५० मायक्रोसेकंदांनी वाढवत गेलात की बुडबुड्याची वाढ आणि अंत क्रमानं मिळतो. फ्लॅश टाकीच्या मागे, मध्ये ट्रेसिंग पेपर. समोरून मारलेल्या उजेडात बुडबुड्याची कड दिसत नाही.

प्रकाश दिसतो म्हणतात, तो?

डोळ्यांना नाही. २००१ मध्ये लोहसे, श्मिट्झ आणि व्हर्स्लुईस यांनी कोळंबीच्या बुडबुड्यातून निघणारी चमक नोंदवली. ती १० नॅनोसेकंदांहून कमी टिकते, आणि त्यावरून आतलं तापमान किमान ५,००० केल्विन असावं असा त्यांचा अंदाज. फोटॉन फार तर ५०,००० च्या घरात. त्यासाठी फोटोमल्टिप्लायर (अतिशय मंद प्रकाश टिपणारं उपकरण) आणि ठार काळोखी पेटी लागते. व्हिडिओत निळी ठिणगी 'दिसली' तर ती बहुधा खटक्याच्या किंवा संपर्काच्या तारांतली आहे.

नांगी आणखी मोठी केली तर बुडबुडा मोठा मिळेल?

मिळेल, पण ऊर्जा घनानं वाढते. लांबी दुप्पट केली आणि वेग तोच राखला तर आठपट ऊर्जा लागते, आणि स्प्रिंग चढवायला हात पुरत नाही. सर्व मापं मोठी करताना प्रवाहाचा साचा राखायचा, म्हणजे रेनॉल्ड्स अंक तोच ठेवायचा म्हटलं, तर त्याच पाण्यात वेग उलट कमी करावा लागतो. ७० पट प्रतिकृतीत २५ मी./से. ऐवजी अर्धा मीटरही भरत नाही. भोवरे सुंदर दिसतात, कॅव्हिटेशन शून्य. बुडबुडा हवा असेल तर कॅव्हिटेशन अंकाला आधी मान द्या.

किती डाव टिकते?

रेझिनची नांगी वाटेच्या तोंडाशी आधी खराब होते. तिथे पांढुरके बारीक खड्डे पडतात, कड गोल होते, धार पसरते. कोसळणाऱ्या बुडबुड्याची हीच करामत पंपाच्या इंपेलरला आणि जहाजाच्या पंख्याला खाते. तोंडाशी बदलता येईल असा स्टेनलेसचा छोटा तुकडा बसवलात तर बाकी नांगी टिकते. खारं पाणी वापरलं तर प्रत्येक सत्रानंतर गोड्या पाण्यानं धुवा. स्प्रिंगच्या वेढ्यांत मीठ राहिलं की स्टेनलेसही चिरतं.

सुरक्षिततेचं काय?

चढवलेली स्प्रिंग हाच मुख्य धोका. चढवल्यावर खटक्याखेरीज एक आडवी सुरक्षा पिन हवीच, ती डावाच्या अगदी आधी काढायची. पातळ काचेची टाकी टाळा. १० मि.मी. अ‍ॅक्रिलिक बरं. डाव चालू असताना पाण्यात हात नाही. माशांच्या टाकीत हे यंत्र चालवू नका, कारण कोळंबी आपली शिकार अशाच आघातानं गारद करते.

जिवंत कोळंबी लागते का? आपल्याकडे मिळते का?

अल्फियसच्या जाती कोकण-गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यावर, ओहोटीच्या डबक्यांत आणि प्रवाळांत आहेत. मालवणला स्नॉर्केलिंग करताना कानात सतत तडतड ऐकू येते ती बहुतांशी त्यांचीच. यंत्रासाठी मात्र प्राणी पकडायची गरज नाही. कोळंबी कात टाकते, आणि कातीतली नांगी आकार मोजायला पुरते. टँग आणि स्टॅक यांनीही कातच वापरली. कात वाळली की वेडीवाकडी होते, म्हणून स्कॅन होईपर्यंत ७० टक्के इथेनॉलमध्ये ठेवा.

याने पाणी शुद्ध करता येईल असं वाचलं. खरं आहे का?

तत्त्व बरोबर आहे. कोसळणाऱ्या बुडबुड्यात पाण्याचे रेणू तुटतात आणि तयार झालेले मुक्त कण जंतूंना आणि रसायनांना मोडू शकतात. व्यवहारात आकडे पाहा. साडेतीन मि.मी. त्रिज्येच्या एका बुडबुड्यात सुमारे १८ मिलिजूल ऊर्जा असते. एक लिटर पाणी एका अंशानं तापवायला ४,१८० जूल लागतात, म्हणजे असे दोन लाखांहून जास्त बुडबुडे. दर डावाला हातानं चढवायच्या नांगीनं तांब्याभर पाणीही शुद्ध होणार नाही. प्रकल्प अहवालात 'जलशुद्धीकरण यंत्र' असं लिहिण्याआधी सेकंदाला किती डाव, दर डावाला किती बुडबुडे आणि दट्ट्या किती दिवस टिकेल, ही तीन उत्तरं तयार ठेवा. परीक्षक तिथेच बोट ठेवतात.